कयाकमधून गरवायला सुरुवात करायची आहे: खाडीच्या जाणकारांनो, मार्गदर्शन करा

वाघोटनकाठचा
नमस्कार मंडळी. गाव विजयदुर्ग खाडीच्या काठी, पोटापाण्यासाठी मुक्काम पुण्यात. लहानपणापासून गरी घेऊन जेटीवर आणि खडपात (काठच्या खडकांत) बसत आलोय. तांबोशी, काळुंदर, शेंगाळा, नशीब असेल तर जिताडा. पण काठावरून गरी जिथवर पोचते तिथवरच आपली हद्द. पलीकडच्या तिवरांच्या मुळांशी मासा पाणी फोडताना दिसतो आणि आपण अलीकडे बसून बघत राहतो. होडी ठेवायची तर ती ओढायला माणसं हवीत, वर्षभर निगा हवी. म्हणून कयाकचा, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद, हलक्या होडीचा विचार पक्का केलाय.

पोहता येतं. वल्हं मारायची सवय होडीची आहे, कयाकची नाही. कोणत्या प्रकारची घ्यावी, आधी खाडीत शिकावं की थेट समुद्राच्या कडेने, कोणत्या महिन्यात सुरुवात करावी, आणि परवानगीचं काय, हे सगळं विचारायचं आहे. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहा, वाचायला वेळ आहे.

दर्यागंध
वाचतोय. हाच प्रश्न मनात होता.

वल्हेवाला
छान धागा. आधी कयाकबद्दल सांगतो, पाण्याबद्दल माझ्यापेक्षा जाणते लोक इथे आहेत.

दोन मुख्य जाती. एकीत माणूस आत शिरून बसतो, दुसरीत वर बसतो. गरवायला वर बसायचीच घे. तिच्या तळाला आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी आपोआप खाली जातं. उलटली तरी भरून बुडत नाही आणि पाण्यातून परत वर चढता येतं. आत बसायची उलटली की पोटात पाणी भरतं, खाडीच्या मध्यावर ते उपसणं नवख्याला जमत नाही.

लांबी १० ते १२ फूट आणि रुंदी ३० ते ३४ इंच हा सुरुवातीचा सरळ हिशोब. लांब कयाक सरळ आणि वेगाने जाते, रुंद कयाक डुलत कमी. आपल्याला मासा ओढायचाय, शर्यत लावायची नाही, तेव्हा रुंदीकडे झुकतं माप दे. किती वजन पेलते तो आकडा कंपनी देते. त्याच्या दोन तृतीयांशात तू, सामान, पाणी आणि मासा बसला पाहिजे. कयाक स्वतः २५ ते ३५ किलोची असते, हे विसरू नको. दुकानात ती हलकी वाटते, ओहोटीच्या चिखलातून ओढताना नाही.

वल्हं दोन्ही बाजूंना पातं असलेलं, लांबी २३० ते २४० सेंमी. बसायची जागा उंच असेल तर थोडं जास्त. विकत घ्यायच्या आधी तारकर्ली-देवबागला किंवा गोव्यात कुठे भाड्याने घेऊन दोन-तीन तास बस. पाठ आणि गुडघे काय म्हणतात ते तिथेच कळेल.

सांजवारा
वल्हेवाला यांच्याशी बाकी सहमत, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा विचार करा. आम्ही ठाण्यात चौथ्या मजल्यावर. १२ फुटी प्लॅस्टिकची कयाक लिफ्टमध्ये जाणार नाही आणि सोसायटी पार्किंगमध्ये ठेवू देणार नाही. माझी फुगवायची आहे. घडी घालून डिकीत जाते, पायपंपाने दहा मिनिटांत तयार होते. त्यात वेगवेगळे कप्पे असतात, एक फाटला तरी दुसरे तरंगत ठेवतात. गळ लागून फाटेल ही भीती लोकांना वाटते तेवढी खरी नाही.

तंगूस
गळाची भीती नसेल, कालवांची असायला हवी! विजयदुर्गपासून खाली कुठल्याही खाडीत खडपावर, जेटीच्या खांबांवर, तिवरांच्या मुळांवर कालवं चिकटलेली असतात. ती सुरीसारखी लागतात. ओहोटीच्या पाण्याने खडपावर घासली की कप्पे कितीही असोत, काम संपलं. शिवाय फुगवलेली कयाक पाण्यावर उंच तरंगते, वारा तिला ढकलत नेतो. धरणाच्या शांत पाण्यात ठीक, खाडीत नको.

सांजवारा
मी मुख्यतः धरणाच्या फुगवट्यातच जाते, तिथे कालवं नाहीत. खाडीबद्दलचा मुद्दा मान्य. मात्र धरणात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रातल्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका असतो, बरेचदा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे. त्यांनी बीज सोडलेलं असतं, पैसे भरलेले असतात. तेव्हा आधी संस्थेत जाऊन विचारा. मी विचारलं तिथे नाही म्हणाले नाहीत, उलट कुठे जाळी आहेत ते दाखवलं.

नाखवा
बरं झालं हा विषय निघाला. मी रायगडचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. कयाक कुठलीही घ्या, पण खाडीत उतरायच्या आधी पाणी शिका.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळ नाही, तिथी लागते. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पक्ष शुद्ध असो की वद्य, पंधरापर्यंतच मोजायचं. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हा हिशोब मुंबई-रायगडचा. खाली दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, आणि खाडीच्या आत जावं तशी उशिरा. आता मोबाइलवर तक्ते मिळतात, जरूर बघा, पण तिथीचा हिशोब डोक्यात असला की कालनिर्णयाकडे नजर टाकून आठवडाभर आधी बेत ठरवता येतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात जास्त; अष्टमीच्या पुढे दोन-तीन दिवस भांग, म्हणजे सगळ्यात कमी. उधाणाला आमच्याकडे पाणी साडेचार मीटरपर्यंत चढतं-उतरतं. मालवणकडे दोन-अडीचच. म्हणून मालवणात जे चालतं ते रेवदंड्याच्या खाडीत चालेलच असं नाही. आमच्या खाडीत उधाणाच्या ओहोटीला तुमचं वल्हं पाण्याशी भांडू शकत नाही. आणि ओहोट लागली की कडेला मांडीभर चिखल उघडा पडतो, काठ दहा हातांवर दिसतो पण उतरता येत नाही. पाणी येईपर्यंत उन्हात बसावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं, डोल. खाडीच्या तोंडाशी खुंट ठोकून डोलीची जाळी लावलेली असतात, तोंड पाण्याच्या ओढीकडे. ओढ तुम्हाला त्या खुंटावर नेऊन आडवं लावते, कयाक पाण्याने दाबली जाते आणि उलटते, खाली जाळं. अशा वेळी पोहता येण्याचा उपयोग नाही. खुंट दिसले की पाणी ज्या बाजूने येतंय त्या बाजूला कधीही थांबू नका, लांबून वळसा घाला. बोये दिसले की खाली कोणाचं तरी जाळं आहे असं समजा. त्या जाळ्यावर कुणाचं घर चालतं. तुमच्या गळाने ते फाटलं तर नुकसान भरून द्या, पळून जाऊ नका.

दर्यागंध
नाखवा, हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. डोलीबद्दल हे माहीतच नव्हतं.

वाघोटनकाठचा
नाखवा, मनापासून धन्यवाद. तिथीचा हिशोब आजोबा करायचे, पण कसा ते कधी विचारलं नव्हतं. मग मी भरतीत उतरू की ओहोटीत? मासा तर ओहोटीला जास्त लागतो असं काठावरून दिसतं.

नाखवा
मासा ओहोटीला लागतो हे बरोबर. तिवरांत शिरलेली कोळंबी आणि बोयची पिल्लं पाण्याबरोबर बाहेर पडतात, तांबोशी आणि जिताडा वहाळाच्या (खाडीला मिळणाऱ्या ओढ्याच्या) तोंडाशी टपून असतात. पण शिकताना भरतीतच उतर. भरतीत चुकलास तर पाणी तुला आत, गावाकडे नेईल. ओहोटीत चुकलास तर समुद्रात. हात बसला की भरतीच्या शेवटच्या दोन तासांत वर जायचं, पाणी फिरेपर्यंत गरवायचं, आणि ओहोट लागली की त्याच पाण्यावर घरी यायचं. दमलेल्या अंगाला परतीच्या वाटेवर पाण्याची साथ पाहिजे.

ज्योती_मालवण
येवा, खाडी आपलीच आसा! पण आधी वाऱ्याचा काय ता बघून घेवा.

नाखवांनी पाण्याचं सांगितलं, मी वाऱ्याचं सांगते. शाळेत मतलई आणि खारे वारे शिकलो ते इथे रोज दिसतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो, पाणी काचेसारखं असतं आणि सगळ्यांना वाटतं, आज समुद्र किती शांत. काठाजवळ तो जाणवतच नाही, कारण माडांचा आडोसा असतो. अर्धा किलोमीटर बाहेर गेलात की कळतं, आपण नुसते बसलोय आणि किनारा लांब चाललाय. मग दहा-अकरानंतर खारा वारा सुटतो. तो किनाऱ्याकडे आणतो हे खरं, पण खाडीच्या तोंडातून ओहोटीचं पाणी बाहेर जात असेल आणि समोरून खारा वारा येत असेल तर तिथे लाटा उभ्या राहतात, आखूड आणि उंच. देवबागच्या संगमावर हे कोणीही काठावरून बघू शकतं. कर्लीच्या आतल्या पात्रात पाणी गुळगुळीत आणि तोंडाशी फेस. मार्च ते मे दुपारचा वारा सगळ्यात जोरात. म्हणून सुरुवातीला सूर्योदयाला आत आणि साडेनऊला काठावर, हा नियम.

दुसरं, पडायला शिका. मी बायकांच्या एका गटाला शिकवते. पहिल्या दिवशी गरी आणूच देत नाही. छातीभर पाण्यात मुद्दाम उलटायचं आणि परत चढायचं. कयाक पालथी झाली असेल तर पलीकडची कड धरून आधी सरळ करायची. मग मध्यावर यायचं, दोन्ही हात आडवे टाकायचे, पाय मागे पाण्यावर तरंगू द्यायचे, जोराने लाथा मारत पोट कयाकवर आणायचं. तिथून वळून बसायचं, शेवटी पाय आत घ्यायचे. आधी पोट, मग बूड, मग पाय. घाईने उभं राहून चढायला जाल तर परत पाण्यात. दहा वेळा सलग जमलं की पुढे जायचं. पोहता न येणाऱ्या बायकासुद्धा जॅकेट घालून हे शिकल्या आहेत, पण त्यांना मी एकटीने कधी पाठवत नाही.

जॅकेट घालायचं, पाठीमागे बांधून ठेवायचं नाही. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. पर्यटकांच्या होडीतलं नारिंगी जाडं जॅकेट वल्हं मारू देत नाही, मग लोक ते काढून ठेवतात. कयाकसाठी वेगळं मिळतं, खांदे मोकळे आणि पाठीला आखूड. पैसे तिथे खर्च करा.

वल्हेवाला
ज्योतीताई, +१. एक भर घालतो: वल्हं दोरीने कयाकला बांधलेलं हवं. वाऱ्यात माणूस पडला की वल्हं एकीकडे, कयाक दुसरीकडे. रॉड, डबा, चिमटा, सगळ्याला दोरी. शिट्टी मात्र जॅकेटलाच. मोबाइल जलरोधक पाकिटात, तोही अंगावर. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सेव्ह करून ठेवा.

मत्स्यप्रेमी_सदाशिवपेठ
मासा मिळाल्यावर तो पुण्यात आणणार की गावातच संपवणार? घराचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करावा.

चिपळूणकर
मंडळी, मगरींचं कोणी काहीच बोललं नाही. वाशिष्ठीत, चिपळूणच्या आसपासच्या पात्रात आणि खाली खाडीच्या गोड्या-मचूळ पट्ट्यात मगरी आहेत. महाडजवळ सावित्रीतही आहेत. हिवाळ्यात सकाळी काठाच्या चिखलात ऊन खात पडलेल्या सहज दिसतात. आमच्याकडे लोक त्यांच्याबरोबर राहतात, त्या होडीवर उगाच येत नाहीत. पण कयाकमध्ये तुमचं बूड पाण्याच्या वितभर वर असतं, पाय कडेने सोडायची सवय असते आणि मासा बाजूला लटकत असतो. अशा पाण्यात पाय आत, मासा पेटीत, आणि काठावर मगर दिसली की तिथून लांब. पिल्लांच्या दिवसांत, म्हणजे पावसाच्या आगेमागे, तर जाऊच नका.

मांडवीतीर
गोव्यातही तेच. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, पर्यटक त्या बघायलाच येतात. मांडवीत कयाक टाकणाऱ्यांनी फेरीबोटीचा आणि बार्जचा रस्ता सोडून राहावं. बार्ज थांबू शकत नाही, आणि तिच्यावरच्या माणसाला तुम्ही दिसतही नाही. भडक रंगाची टोपी घाला, काठीला झेंडा लावा. मी शापोरा आणि साळ नदीच्या शांत फाट्यांत जातो. चोणक (तुमचा जिताडा) आणि तांबोशी दोन्ही मिळतात.

ऑकलंडचे_आप्पा
मूळचा रत्नागिरीचा, आता न्यूझीलंडमध्ये. इथे कयाकमधून मासेमारी करणारे भरपूर. दर शनिवारी पहाटे गाड्यांच्या टपांवर कयाकच कयाक. वाऱ्याबद्दल ज्योतीताईंनी लिहिलं ते इथेही जसंच्या तसं लागू होतं.

इथली दोन गोष्टींची शिस्त मला आवडते. एक, प्रत्येकाच्या कयाकवर मोजपट्टी चिकटवलेली असते. ऑकलंडच्या बाजूला स्नॅपर ३० सेंमीपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात, आणि माणशी दिवसाला सातच. मोठ्या माणसापासून शाळकरी पोरापर्यंत सगळे मोजतात. दुसरं, निघताना घरी लिहून ठेवायचं: कुठून उतरणार, कुठे जाणार, किती वाजता परत. त्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन आला नाही तर घरच्यांनी वाट बघत बसायचं नाही, थेट मदत मागवायची.

पायाने मारायच्या कयाकबद्दल कोणी लिहिलं नाही. होबी कंपनीने १९९७ मध्ये पंखांसारख्या दोन पात्यांची पायडलची यंत्रणा आणली, तेव्हापासून या खेळाचं रूपच बदललं. हात मोकळे राहतात, वाऱ्यात एका जागी धरून ठेवता येतं, मासा लागला की त्याला खडकापासून दूर नेता येतं. परवडत असेल तर थेट तीच घ्यावी.

तंगूस
आप्पा, तुमच्या खोल निळ्या पाण्यात ती राणीच आहे. पण आमच्या खाडीत ओहोटीला गुडघाभर पाणी, खाली चिखल, वर तरंगणारे जाळ्यांचे तुकडे. पाती रुततात, तंगूस (गरीचा नायलॉनचा धागा) गुंडाळला जातो. किंमतही साध्या कयाकच्या कित्येक पट. शिकणाऱ्याने वल्ह्यावर शिकावं. यंत्र बिघडलं तर शेवटी वल्हंच घरी आणणार.

ऑकलंडचे_आप्पा
पाती वर घडी करता येतात रे, उथळात वल्हं वापरायचं. पण जाळ्यांच्या तुकड्यांचं तू म्हणतोस ते बरोबर, इथे तो त्रास नाही. वल्ह्यावर शिकावं याला माझी हरकत नाही.

पेणची_सुगरण
तुम्ही सगळे पाण्यातच आहात, कोणीतरी चुलीकडे या. जिताड्याची तुकडी जाड कापायची, आगळ-हळद-मीठ लावून अर्धा तास, मग आलं-लसूण-कोथिंबिरीचं हिरवं वाटण, आणि तांदळाच्या पिठात घोळवून मंद आचेवर. डोकं कालवणाला. आमच्या खारेपाटात तळ्यात जिताडे वाढवतात, पाहुणा आला की जाळं टाकतात. जावयाला जिताडा नाही म्हणजे पाहुणचार नाही.

मत्स्यप्रेमी_सदाशिवपेठ
ताई, मी जावई व्हायला तयार आहे, पण लग्न झालंय.

खारफुटी
सुगरणताईंच्या पाककृतीला दाद, पण जिताड्याबद्दल एक सांगावंसं वाटतं. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे तीन फुटांच्या आसपासचा जो दांडगा जिताडा फोटोत मिरवतो तो बहुतेक मादीच. पावसाळ्याच्या तोंडाला ती खाडीच्या मुखाकडे अंडी घालायला उतरते, पिल्लं परत आत खाजणात, तिवरांत वाढतात. ती एक मादी काढली की लाखो अंडी गेली. म्हणून फार लहान आणि फार मोठा दोन्ही सोडावे, मधला घरी न्यावा. जाळ्यात ही निवड करता येत नाही, गरीवर येते. कयाकवाल्याला ही संधी आहे, ती त्याने घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

तंगूस
मोठा जिताडा सोडायचा? आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो? हे काही पटत नाही.

नाखवा
तंगूसभाऊ, खारफुटी बोलतात ते आमच्या घरातले जुने लोक वेगळ्या शब्दांत बोलायचे: गाभोळीचा (पोटात अंडी असलेला) मासा ठेवू नये. आता आम्हीच तो नियम पाळत नाही, कारण पोट आहे. तुमचं पोट दुसरीकडे भरतंय, तुम्ही तरी पाळा. फोटो काढा आणि सोडा. पाण्याबाहेर जास्त वेळ ठेवू नका, ओल्या हाताने धरा, आडवा धरून पोटाखाली आधार द्या.

खारफुटी
धन्यवाद नाखवा. कायद्याचं विचारलं होतं म्हणून थोडक्यात: १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. वल्ह्याच्या पारंपरिक होड्या त्यात येत नाहीत. पण बंदीत बसत नाही म्हणून पावसाळ्यात समुद्रात कयाक टाकणं हा वेडेपणाच. नारळी पौर्णिमेच्या आधी दर्यावर जाऊ नये हे उगाच नाही. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिलाय, त्यात पापलेट, सुरमई, बोंबील अशा रोजच्या जाती आहेत. मालवणला जाणार असाल तर किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, तिथे गरी टाकण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. आणि कुठेही नवखे असाल तर सागरी पोलीस चौकीत सांगून ठेवा. अनोळखी माणूस पहाटे खाडीत दिसला की ते विचारणारच, विचारायलाच हवं.

वाघोटनकाठचा
कुठून कुठे आलो आपण! सगळे प्रतिसाद वहीत उतरवून घेतोय. तंगूसदादा, आता सामानाचं सांगा. माझ्याकडे काठावरची नऊ फुटी काठी आहे, ती चालेल?

तंगूस
नऊ फुटी कयाकवर अडचणीची. मासा जवळ आला की टोक इतकं लांब राहतं की हात पोचत नाही, आणि तू कलतोस. साडेसहा-सात फुटी, मध्यम ताकदीची घे. ३००० किंवा ४००० आकाराचं रीळ, त्यावर विणलेला धागा २०-३० पौंडी, पुढे दोन हात ४० पौंडी जाड तंगूस. पुढचा जाड तुकडा सोडू नको. तांबोशी लागली की सरळ मुळांत घुसते, आणि जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी, धागा कापते आणि हातही.

आमिष सुरुवातीला जिवंत कोळंबीच. प्लॅस्टिकचे मासे नंतर. वहाळ जिथे खाडीला मिळतो त्या कोपऱ्यावर, ओढीच्या कडेच्या संथ पाण्यात टाक. मधल्या धारेत टाकून उपयोग नाही.

आता नांगर. हे नीट वाच. नांगराचा दोर कयाकच्या नाकाला किंवा शेपटीला. मध्यावर, कुशीला कधीही नाही. कुशीला बांधलास तर ओढ कयाकला आडवी धरते, कड दाबली जाते आणि पाणी वरून आत येतं. छोटा दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो, दोर खोलीच्या तिप्पट तरी सोड. गाठ एका ओढीत सुटणारी मार आणि दोराच्या टोकाला बोया बांध, म्हणजे मासा लागला किंवा होडी अंगावर आली तर नांगर तिथेच सोडून निघता येतं, नंतर येऊन उचलता येतो. जॅकेटला एक सुरी हाताशी. जोराच्या ओढीत नांगर टाकूच नको.

डॉ_कोकणी
शेंगाळ्याबद्दल लिहितो, कारण कयाकमध्ये तो मांडीवरच येऊन पडतो. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचा काटा विषारी. टोचला की वेदना कोपरापर्यंत चढतात. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, अर्धा ते दीड तास. साधारण ४५ अंश, त्याहून जास्त नको, कातडी भाजते. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो. पाकटाच्या शेपटीच्या काट्यालाही हेच. काटा आत मोडला असेल किंवा छाती-पोटात लागला असेल तर घरी उपाय नको, लगेच दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असू द्या. लांब चिमटा घ्या, शेंगाळा पाण्यातच गळावरून सोडवा. आणि समुद्रसाप लागला तर तंगूस कापा, गळ सोडवत बसू नका. आपल्या किनाऱ्यावरच्या समुद्रसापांचं विष जहाल असतं.

दर्यागंध
डॉक्टर, उत्तम माहिती. गरम पाण्याचा थर्मास कयाकमध्ये ठेवावा का?

डॉ_कोकणी
गाडीत ठेवा. तुम्ही काठापासून अर्ध्या तासाच्या आतच असणार आहात, असं गृहीत धरतो.

वाघोटनकाठचा
मंडळी, ठरवलं. साधी, वल्ह्याची, वर बसायची, साडेदहा फुटी. गाडीच्या टपावर दांडे बसवून घेतोय. कयाक गावीच ठेवणार, दर वेळी घाट चढ-उतार नको. पहिली उतरणी दिवाळीनंतर. नाखवांच्या हिशोबाने एकादशीला सव्वाआठला भरती येते, आमच्याकडे त्याच्या थोडी आधी. भांगाचं पाणी, उजाडता उतरायचं, भरतीवर आत. कार्तिकी एकादशीच धरतोय.

पेणची_सुगरण
कार्तिकी एकादशीला मासे?

मत्स्यप्रेमी_सदाशिवपेठ
खारफुटी म्हणतात तसं सगळे सोडून द्यायचे. उपास मोडणार नाही, मासाही वाचेल.

ज्योती_मालवण
पहिल्या दिवशी गरी घेऊच नकोस म्हटलंय ना मी, मग एकादशीच बरी! त्या दिवशी फक्त उलटणं आणि चढणं. काठावर कोणीतरी ओळखीचं उभं असू दे, दुसरी होडी जवळ असली तर उत्तम. उन्हाला पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, दोन लिटर पाणी आणि एक बाटली कोकम-मीठ-साखरेची. पाठीला आधाराची पट्टी आधीच घट्ट करून घे, पाण्यात गेल्यावर ती नीट लागत नाही.

वल्हेवाला
टपावर बांधताना पट्ट्या दांड्यांभोवतीच आवळ, फार जोरात नको. उन्हात प्लॅस्टिक मऊ होतं आणि तळाला खड्डा पडतो. कयाक पालथी ठेव. पुढच्या आणि मागच्या टोकाला वेगळा दोर, तो बंपरखालच्या हुकाला. गावी ठेवताना सावलीत, आडव्या दोन फळ्यांवर. माडाखाली नको, नारळ पडला तर तडा जाईल.

नाखवा
आणि उतरायच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या खाडीत जाळी लावणाऱ्यांकडे जा. कुठे जाळं आहे, कुठे खडप वर येतो, कोणत्या वहाळात ओढ जास्त, हे तक्त्यात मिळत नाही, तेच सांगतील. तुम्ही गावचे आहात, आजोबांचं नाव सांगा, कोणीतरी होडी घेऊन बरोबरही येईल.